चीज वितळेपर्यंत

पाहुण्याला घरात थांबवून ठेवण्याचं शास्त्र अख्ख्या रायगड जिल्ह्यात कुणाला साधलं असेल, तर ते माझ्या मावसबहिणीच्या यजमानांना; आणि ज्यांच्या उंबऱ्यावरून पाहुणा उभ्या उभ्या चहा घेऊन परत फिरायचा, असे गृहस्थही अख्ख्या जिल्ह्यात तेच. नात्यानं ते माझे भावोजी. पोलादपूरच्या हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. शाळेतून निवृत्त झाले, पण शास्त्रातून नाही. चहात थर्मामीटर बुडवल्याशिवाय कप तोंडाला लावायचे नाहीत. लग्नाच्या पंगतीत जिलबी वाढणाऱ्याला थांबवून तिच्या पाकाची घनता विचारायचे आणि तो बिचारा पुढच्या पानाला जिलबी न वाढताच पळायचा. एकदा महाडजवळच्या सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात त्यांनी फडक्यात तांदूळ बांधून सोडले, भात शिजतो का पाहायला. पंचा नेसलेला माणूस, हातात दोरी, दोरीला पुरचुंडी आणि तोंडानं आकडे पुटपुटणं! अंघोळीला आलेल्या बाया करणी समजून ओल्या लुगड्यांनिशी पळाल्या. भात काही शिजला नाही. “अनुमान,” भावोजी घरी येऊन म्हणाले, “पाणी गरम आहे, पण जनता जास्त गरम आहे.”

माझी मावसबहीण, म्हणजे आमची अक्का, या सगळ्यावरचा उतारा होती. त्यांचं घर पोलादपूरला हमरस्त्यालगत. घाट चढून महाबळेश्वरला निघालेला, घाट उतरून महाडला चाललेला, ओळखीचा, ओळखीच्याच्या ओळखीचा, सगळे तिच्याकडे उतरायचे. वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी खाल्ल्याशिवाय तिनं कुणाला सोडलं नाही. पानावरून उठणाऱ्याच्या खांद्यावर हात दाबून ती त्याला परत बसवायची. भावोजी तेवढ्यात पाहुण्याला हवेचा दाब समजावून द्यायचे आणि पाहुणा बिरड्याच्या आशेनं तोही सोसायचा. भावोजींना मात्र वाटायचं, लोक हवेच्या दाबासाठी येतात.

अक्का गेली तेव्हा त्यांना खरं काय ते कळलं. हार्टफेल झाली, ऐन पन्नाशीत. नव्वद साल नुकतंच उलटलं होतं. दिवसपाणी होईतो घर भरलेलं होतं आणि मग एकदम ओस पडलं. माणसं यायची, नाही असं नाही. पण आपल्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. बाई नसलेल्या घरी कुणी पानावर बसत नाही. ‘एकट्या पुरुषाला कशाला त्रास’ म्हणायचं, चहाचा कप ओठाला लावायचा आणि चपला शोधायच्या. अक्काचं नावसुद्धा कुणी घ्यायचं नाही, त्यांना वाईट वाटेल म्हणून. म्हणजे ज्या घरात दिवसभर ‘अक्का, अक्का’ चालायचं, तिथं तो शब्दच बंद झाला. भावोजी भिंतीवरच्या तिच्या फोटोकडे पाहुण्याची पाठ येईल अशी खुर्ची मांडायचे. पाहुण्याला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून.

शेजारपाजारचे डबे यायचे. रिकामा डबा परत करायचा नसतो हे अक्कानं त्यांना कधीतरी शिकवलेलं. मग ते त्यात स्वतःचं काहीबाही भरून पाठवायचे. कधी सोड्याचं प्रमाण चुकलेली बिस्किटं, कधी कडुनिंबाचं सरबत. कुणाच्या घरी अख्ख्या कुटुंबाची पोटं बिघडली. हळूहळू डबेही थांबले.

आणि मग वर्षश्राद्ध झाल्यावर एक दिवस ते महाडला माझ्याकडे आले. डोळे चमकत होते. त्यांचा एक जुना विद्यार्थी महाबळेश्वरच्या एका हॉटेलात आचारी होता, त्याला भेटून आले होते. तिथं त्यांनी एक विलायती प्रकार पाहिला. फॉन्ड्यू म्हणतात म्हणे. टेबलावर मधोमध भांडं, त्यात वितळलेलं चीज, चीजमध्ये सुगंधी पाला, खाली बारीक आच. सगळ्यांनी भोवती बसायचं आणि लांब काट्याला पावाचा तुकडा टोचून त्यात बुडवून खायचा.

“चवीला कसं होतं?” मी विचारलं.

“साबणासारखं. पण मेहुणीबाई, दोन तास! एका भांड्याभोवती आठ माणसं दोन तास बसली होती. एकानंही घड्याळ पाहिलं नाही.”

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तेव्हाची ती बाई आज मला भेटली तर मी रस्ता ओलांडून पलीकडे जाईन. मी तेव्हा महाडच्या महिला मंडळाची चिटणीस होते. ‘आदर्श गृहिणी’ या विषयावर बोलायला मला पाचाडपर्यंत बोलावणं यायचं, आणि मी जायचेही, बॅगेत इस्त्रीचा हातरुमाल घेऊन. एका भांड्यात आठ जणांनी उष्टे काटे बुडवायचे हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. नाही म्हणणं शिष्टाचारात बसेना. म्हणून मी काय केलं, तर जायच्या दिवशी घरी पोटभर आमटीभात जेवले, नवं रेशमी पातळ नेसले आणि पर्समध्ये स्वतःची वाटी आणि चमचा घेतला. आमच्या ह्यांनी पर्स उचलून पाहिली आणि विचारलं, “तीर्थयात्रेला निघालीस का?”

भावोजींनी तयारी मात्र प्रयोगशाळेत करावी तशी केली होती. विद्यार्थ्यानं दिलेली त्या सुगंधी पाल्याची, रोझमेरीची काडी त्यांनी डब्यात लावली, ती आमच्या दमट हवेत आठवडाभरात काळी पडली. तिच्या जागी अंगणातला पानओवा, पुदिना आणि सब्जाची पानं बारीक चिरून ठेवली होती. मूळ कृतीत पांढरी दारू होती. भावोजींनी लिंबू घेतलं. “चीजला आम्ल हवं असतं, दारूच पाहिजे असा त्याचा हट्ट नसतो.” शाळेनं मोडीत काढलेली तिवई, त्यावर अक्काचं पितळी पातेलं आणि खाली प्रयोगशाळेतला स्पिरिटचा दिवा. आणि काट्यांच्या जागी अक्काच्या विणायच्या सुया, उकळून, पुसून, प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला.

आम्ही दोघं, शेजारचे किराणा दुकानदार नि त्यांची बायको, आणि कापडे गावाहून भावोजींचे जुने स्नेही आबा नि काकी, असे सहा पाहुणे. दिवाणखान्यात बसलो तर खरे, पण जो तो दाराच्या बाजूला तोंड करून. दुकानदारीणबाईंनी आल्या आल्या जाहीर केलं, “माझा आज शनिवार.”

“उपासाला चालेल,” भावोजींनी उकडलेल्या रताळ्याच्या फोडींची ताटली पुढे केली. “दूधच ते.”

दिवा पेटला. चीज पातेल्यात पडलं, आणि तसंच पडून राहिलं.

खूप वेळ गेला. बाहेर पावसाची झड लागलेली, घाटाकडून अंधार उतरत होता, आणि आम्ही सहा शहाणी माणसं एका पिवळ्या ढेकळाकडे बघत बसलो होतो. भावोजी लाकडी चमच्यानं ढवळत होते. ज्योत करंगळीच्या नखाएवढी.

“मास्तर, ह्ये शिजतंय का नाय?” आबांनी विचारलं.

“शिजत नाही, वितळतं.”

“मंग वितळतंय का नाय?”

“गप बसा जरा,” काकी म्हणाल्या. “घरी काय भात करपतोय तुमचा?” मग हातातली सुई उलटसुलट करून त्या एकदम बोलल्या, “ह्या तर वहिनींच्या सुया हायत. माझ्या नातवाची टोपी ह्याच सुयांवर झाली गो.”

भावोजींचा चमचा थांबला.

“तीन डोकी मावतील येवढी टोपी,” आबा हळूच म्हणाले. “पोराच्या हनवटीपोतुर यायची.”

“माप घ्यायला विसरली होती ती,” भावोजी मान वर न करताच म्हणाले. “मी म्हटलं होतं, माप घे.”

आणि मग दुकानदारीणबाईंचं तोंड उघडलं. अक्का त्यांच्याकडे आठवड्याला जायफळ उसनं मागायला यायची, घरात डबाभर जायफळं असताना, नुसतं दोन शब्द बोलायला मिळावे म्हणून. दुकानदार म्हणाले, घाट बंद पडला त्या रात्री तिनं एस्टीभर माणसांना पिठलं घातलं होतं आणि पीठ संपल्यावर खुद्द दुकानदारांना झोपेतून उठवून दुकान उघडायला लावलं होतं. आमचे हे, जे महिन्याला चार वाक्यं बोलतात, त्यांनी त्यातली तीन तिथं खर्च केली. मीही सांगितलं, लहानपणी आम्ही दोघींनी लोणच्याची बरणी फोडून खापर मांजरावर फोडलं होतं ते. हसता हसता काकींनी डोळ्यांना पदर लावला. वर्षभरात त्या घरात तिचं नाव पहिल्यांदा घेतलं जात होतं आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं. एका माणसाच्या आलं होतं. तो ढवळत होता.

तेवढ्यात चीज वितळलं.

ते वितळलं आणि सगळं बिघडलं. उष्ट्याचा प्रश्न उभा राहिला. दुकानदारीणबाई म्हणाल्या, “भावजी, वाट्याच द्या ना, आपलं वाटून घेऊ.” मी हळूच पर्समधली वाटी काढली. भावोजींनी निमूटपणे सगळ्यांना डावानं वाढलं. वाटीत पडल्याबरोबर त्या पदार्थाचा चपलेचा तळवा झाला. आबांनी चमचा उचलला तर चमच्याबरोबर वाटीही उठून आली. दहा मिनिटांत सगळे उठले. दुकान उघडं राहिलंय, महाडची गाडी चुकेल, कापड्याला पोचायचंय. भावोजी दारात उभे होते. हातात डाव तसाच.

मला वाटलं, संपला प्रयोग. पण पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावणं. या खेपेला मी गृहकृत्यातली तज्ज्ञ म्हणून पुढे सरसावले. म्हटलं, “भावोजी, तुमची आच चुकते. गॅसवर ठेवा, पाच मिनिटांत होईल.” मोठी ज्योत आणि छोटी ज्योत यावर मी त्यांना, शास्त्राच्या मास्तरांना, व्याख्यान दिलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, “घाई केली की फाटतं, मेहुणीबाई.” आणि पुन्हा दीड-दोन तास आम्ही ढेकळाभोवती बसलो, पुन्हा अक्काच्या गोष्टी निघाल्या आणि पुन्हा चीज वितळल्याबरोबर माणसं पांगली.

मला कळलं ते तिसऱ्या की चौथ्या खेपेला. मी पाणी आणायला आत गेले होते आणि परत येताना पाहिलं. काकी अक्काची कुठलीशी गोष्ट रंगवून सांगत होत्या. चीज कडेनं सुटायला लागलं होतं. भावोजींनी इकडेतिकडे पाहिलं, चिमटा उचलला आणि दिव्याची वात हळूच आत ढकलली. ज्योत पुन्हा नखाएवढी झाली. त्यांनी मान वर केली तर समोर मी. मी पाण्याचा तांब्या ठेवला, खाली बसले आणि काकींना म्हटलं, “मग? पुढे काय झालं?” त्या दिवसापासून मी घरून आमटीभात जेवून जायचं सोडलं. पर्समधली वाटीही.

बरीच वर्षं चाललं ते. पण माणसं कमी होत गेली, आणि त्याला काही शास्त्र लागत नाही. दुकानदार मुलाकडे पनवेलला गेले. आबांचे गुडघे गेले, मग आबाच गेले, आणि काकींना कापड्याहून कोण आणणार? आमचे हे दोन हजार सालानंतर गेले, तेही न बोलता. तरी भावोजींचा महिन्याचा शनिवार चुकला नाही. शेवटी शेवटी त्या पातेल्याभोवती आम्ही दोघंच असायचो. मी सकाळच्या गाडीनं जायचे नि अंधार पडायच्या आत महाडला परतायचे.

अशाच एका शनिवारी मी अक्काची बरणीची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबले. ती मी आधीच्या महिन्यात सांगितली होती. त्याच्याही आधीच्या. ते मान डोलावत राहिले, जिथं हसायचं तिथं हसले. चिमटा त्यांना दोनदा चाचपडल्यावर सापडला. मला वाटलं, नेहमीसारखी वात आत ढकलतील. त्यांनी ती बाहेर ओढली. चांगली बोटभर. ज्योत पातेल्याच्या बुडाला लागली, चीज भराभर सुटायला लागलं.

“हे काय, भावोजी?”

“सगळ्या झाल्या आता, मेहुणीबाई,” ते म्हणाले. “नवीन कुणाकडेच काही उरलेलं नाही. तुम्हाला उगाच उशीर. गाडी मिळेल अजून.”

मी घड्याळ पाहिलं. गाडी खरंच मिळाली असती. मी पदर खोचला आणि खाली आणखी ऐसपैस बसले.

“एक राहिलीय,” मी म्हटलं. “तुम्हाला कधी सांगितली नाही. अक्कानं शपथ घातली होती.”

आणि मी सुरू केलं. आमच्या लहानपणी आजोळी एक सर्कस आली होती, आणि अक्का हत्तीवर बसून पळून गेली होती, अशी काहीतरी. माझं आजोळ म्हणजे खाडीकाठचं चाळीस उंबऱ्यांचं गाव. तिथं सर्कस तर सोडाच, धड माकडवालाही कधी आला नाही. हे भावोजींना पक्कं ठाऊक होतं, अक्काचंही आजोळ तेच. मी हत्तीला नाव दिलं. माहुताला मिशा दिल्या. अक्काला हत्तीच्या पाठीवर भाकऱ्या थापायला लावल्या.

भावोजी पातेल्याकडे बघत ऐकत होते. मग त्यांनी डोळे पुसले, चष्मा लावला, चिमटा उचलला आणि वात हळूहळू आत ढकलली.

“हत्ती कोणत्या जातीचा?” त्यांनी विचारलं.