न रंगवलेली भिंत

समोरच्या नव्या इमारतीत एक तरुण जोडपं मोबाइलमधलं होकायंत्र धरून स्वयंपाकघराची दिशा बघत होतं. मागे आमचाच बिल्डर उभा होता, हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन.

सहा वर्षांपूर्वी आम्हीही अशीच आग्नेय दिशा शोधली होती. ती अगदी बरोबर निघाली. इमारत राहण्यायोग्य असल्याचं पालिकेचं भोगवटा प्रमाणपत्र मागायचं मात्र सुचलं नाही, आणि ताज्या रंगाखालची भिंत ओली आहे हेही कळलं नाही. त्याच भिंतीवरच्या बटणाने आईला शॉक बसला. तिचा हात अजून थरथरतो. बिल्डर म्हणाला होता, "नव्या घराला जरा घाम येतोच, काका."

घर घेताना माणूस दिशा बघतो, मुहूर्त बघतो, कारण भ्यायचं ते आभाळातल्या ग्रहांना असं त्याला वाटतं. भ्यायचं ते समोर पेढे घेऊन उभं असतं.

त्या भिंतीची वीज मी तोडली, पण रंग दिला नाही. तिची बुरशी मी तुळशीसारखी जपली आहे.

जोडपं खाली उतरल्यावर मी हाक मारली, "चहाला या वर." वर आल्यावर त्या भिंतीपाशी नेऊन मुलीला म्हटलं, "कागदपत्रं वकिलाला दाखवाच. पण आधी इथे तळहात टेकवा." हात काळपट, ओला झाला. ती रुमाल शोधू लागली.

"पुसू नका," मी म्हणालो.

चहा घेऊन ती दोघं खाली गेली, तसा मी गॅलरीत येऊन उभा राहिलो. खाली बिल्डरने हसत पेढा पुढे केला. तिने तोच तळहात त्याच्या तोंडासमोर धरला.

या महिन्यातलं हे तिसरं जोडपं.