अर्ध्या माणसांचा पट्टा

आमच्या वाडीत बाईला अर्धं माणूस धरतात. हे मी रागाने लिहीत नाही, तशी रीतच आहे. दर वर्षी संक्रांत झाली की जंगलात वणवा अडवायचा पट्टा काढतात आणि त्यासाठी घरटी एक माणूस द्यायचं असतं. ज्या घरातून पुरुष येईल त्याचा एक दिवस. ज्या घरातून बाई येईल तिचे दोन. बाई उशिरा येते आणि लवकर जाते, असं त्याचं कारण सांगतात. खरं म्हणजे पाणी भरून, भाकऱ्या थापून, शेण काढून आम्ही पुरुषांच्या आधी डोंगरावर असतो, आणि लवकर उतरतो ते त्याच पुरुषांच्या संध्याकाळच्या कालवणासाठी. पण हे कुणी कुणाला सांगायचं?

माझा नवरा खंडाळ्याला एका बंगल्यावर ड्रायव्हर आहे. शनिवार-रविवारी मालक येतात म्हणून त्याला सुट्टी नसते, आणि बाकीचे दिवस मालक नसतात म्हणून बंगला सोडता येत नाही. तेव्हा लग्न झाल्यापासून आमच्या घरचं अर्धं माणूस मीच आहे.

पट्टा म्हणजे काही मोठी विद्या नाही. दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढ्या रुंदीचं वाळलेलं गवत कापायचं, झुडपं तोडायची, पाला ओढायचा आणि सकाळी दव असताना तो तिथेच राखणीत जाळून टाकायचा. मग उन्हाळ्यात आग आली तरी त्या उघड्या जमिनीपाशी तिला खायला काही मिळत नाही. हे काम माझ्या सासऱ्यांच्या आजोबांपासून चालू आहे. फक्त तेव्हा त्याला वन समिती म्हणत नव्हते.

समिती झाली आणि जंगलाला बरे दिवस आले, असं समितीच म्हणते. आधी टोप्या आल्या. मग पाट्या आल्या. बेडशाच्या लेण्यांच्या बाजूने वर पठारावर जाणारी आमची मोळीची पाऊलवाट आहे, तिला पाटीवर ‘निसर्ग पायवाट’ म्हणतात. वाटेतल्या दगडांवर पांढऱ्या रंगाचे बाण काढले. ज्या वाटेने मी वीस वर्षं डोळे मिटून जाते, त्या वाटेवर आता बाण मला सांगतो की इकडून जा. एका जुन्या ऐनाच्या झाडाला चार मोठे खिळे ठोकून पाटी लावली आहे, ‘झाडांना इजा करू नका’. ती पाटी लावणाऱ्यांत समितीचे अध्यक्ष स्वतः होते. हातोडा त्यांच्याच हातात होता, फोटो आहे.

अध्यक्ष माणूस वाईट नाही. जमीनवाला आहे, बोलायला गोड आहे आणि जंगलावर त्याचं प्रेम आहे. फक्त तो जंगलात जात नाही. गुडघा दुखतो.

गेल्या वर्षी पट्ट्याची बैठक देवळात झाली. पुरुष सभामंडपात, आम्ही बायका बाहेर पायरीवर. अध्यक्ष म्हणाले की या वर्षी पुण्याहून पाहुणे श्रमदानाला येणार आहेत, चाळीस तरी असतील, म्हणून पट्टा निसर्ग पायवाटेला लागूनच काढू. पाहुण्यांना चालायला सोपं जाईल, पाट्याही दिसतील.

पायवाटेच्या बाजूने आमच्याकडे कधी आग आलेली नाही. ती येते धरणाच्या अंगाने, काठावर पर्यटकांसाठी तंबू टाकतात त्यांच्या वरच्या उतारावरून. कोण निखारे टाकतं, कोण विडी टाकतं, ते कधी कळत नाही. पण दुपार कलली की धरणाकडून वारा वर चढतो, हे आम्हाला ठाऊक आहे, कारण त्या वेळी आम्ही मोळी घेऊन डोंगराच्या धारेवरून येत असतो आणि तो वारा मोळीला मागून असा ढकलतो की पाय धावायला लागतात. त्या धारेच्या अलीकडे हिरड्यांची राई आहे. बाळहिरडा, म्हणजे कोवळी फळं, वेचून वाळवून आम्ही विकतो. माझ्या मुलीची शाळा, सासूची औषधं, सगळं त्या झाडांवर आहे. राईला आग लागली तर त्या वर्षी तर काही नाहीच, पुढच्याही वर्षी झाडं धड फळ धरत नाहीत.

मला चार माणसांत बोलता येत नाही. लहानपणापासून असंच आहे. मास्तरांनी नाव विचारलं तरी ते शेजारची मुलगी सांगायची. म्हणून मी शेजारच्या मावशीच्या कानात सांगितलं. मावशी सत्तरीची आहे आणि कानात सांगितलेलं तिच्या कानात राहत नाही.

“आरं, ही म्हणती पट्टा चुकीच्या जागी हाय,” ती तिथूनच ओरडली. “आग धरणाकडनं येती.”

सगळे पुरुष वळून माझ्याकडे बघायला लागले. मी पदर ओढला. अध्यक्ष हसत म्हणाले, “वैनी, तुमी अर्ध्या. आता अर्ध्या मताचं आमी काय करायचं सांगा?”

देवळात हशा पिकला. मीसुद्धा हसले. ते हसणं मला अजून टोचतं, त्यांचं नाही, माझं.

ठरल्या दिवशी पाहुणे आले. दोन बस भरून, पायांत एवढ्या जाड तळाचे बूट की आमच्या पंचायतीच्या रस्त्यालाही तेवढं डांबर नाही. त्यांची मनं चांगली होती, खोटं कशाला बोलू. एका बाईने माझा विळा हातात घेऊन विचारलं, हा कुठल्या बाजूने धरायचा. मी दाखवलं. तिने पाच पेंढ्या गवत कापलं, बोट कापून घेतलं आणि मला थँक्यू म्हणाली. दोन तास काम झालं, मग नाश्ता, मग फोटो, मग जंगलाचं महत्त्व या विषयावर अध्यक्षांचं भाषण. भाषण चालू असताना आम्ही पाला ओढत होतो, कारण तो ओढल्याशिवाय पट्टा पुरा होत नाही आणि भाषणाने तो हलत नव्हता. जाताना पाहुण्यांनी उरलेल्या पाण्याच्या बाटल्या नीट एका पिशवीत भरल्या आणि ती पिशवी माझ्या हातात दिली.

संध्याकाळी पुरुषांचा एक दिवस संपला. आम्हा अर्ध्या बायकांचा अर्धा. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सहाजणी पायवाटेवर जमलो. तिघींचे नवरे बाहेरगावी कामाला, दोघी विधवा, एकीचा नवरा घरीच असतो पण तो पिऊन असतो. मावशी त्या दोन विधवांतली एक. अध्यक्षांनी निरोप धाडला होता की पायवाटेचा पट्टा अजून जरा रुंद करा, फोटोत बारीक दिसतो.

मावशी विळा कमरेला खोचून माझ्याकडे बघत राहिली. “त्या दिशी देवळात काय सांगत हुतीस कानात? आता सांग की. हितं कुणी पुरुष न्हाई.”

मी चालायला लागले. धारेकडे. मागे वळून पाहिलं नाही, कारण कुणी येत नसलं तर परत यावं लागलं असतं. पण बांगड्या वाजत होत्या मागून.

त्या दिवशी आम्ही सहाजणींनी धारेच्या अलीकडे, राईच्या वरच्या अंगाला पट्टा काढला. पाहुण्यांच्या पट्ट्यासारखा सरळ नव्हता. जिथे कारवी दाट तिथे वळवला, जिथे खडक तिथे खडकाचाच पट्टा धरला. जेवायला बसलो तेव्हा मावशी म्हणाली, “सहा अर्ध्या म्हंजी तीन माणसं. तीन माणसांनी एवढं केलं म्हणून सांगा, कुणाला पटल का?” आम्ही लोळून हसलो. पाण्याची वेळ झाली तेव्हा घळीपासचा तुकडा राहिला होता. तीसेक पावलं असेल. नळाला पाणी एकच तास येतं, ते चुकलं तर घरी बोलणी. उद्या येऊ म्हणालो. उद्या कुणाचा आला नाही. आमचे दोन दिवस भरले होते, आणि तिसरा दिवस फुकट देण्याएवढं अर्ध्या माणसाकडे काय असतं?

वाडीत कुणाला काही सांगितलं नाही. पायवाटेचा पट्टा रुंद केला का असं अध्यक्षांनी विचारलं, तेव्हा मावशीने मान डोलावली. वर जाऊन बघायला त्यांचा गुडघा आड येत होता.

होळीच्या आधी पवनानगरला सत्काराचा कार्यक्रम होता. जंगल राखणाऱ्या समित्यांना शाल, श्रीफळ आणि सन्मानचिन्ह. आमच्या वाडीची निवड झाली होती. दोन जीपा भरून पुरुष गेले. बायकांनाही न्यायचं असं आदल्या दिवसापर्यंत ठरलेलं होतं, पण जीपमध्ये जागा झाली नाही. बॅनर मोठा होता, तो आडवा ठेवावा लागला.

दुपारी मी ओट्यावर धान्य निवडत बसले होते. धरणाच्या अंगाला धूर दिसला. आधी पांढरा, मग पिवळट. वारा चढायची वेळ झालेली. मी मावशीला हाक मारली, आणि आयुष्यात पहिल्यांदा माझी हाक चार घरांपलीकडे गेली. ज्या होत्या त्या सगळ्या निघाल्या, विळे, पोती, पाण्याच्या कळशा घेऊन. वाटेत जांभळीच्या ओल्या डहाळ्या तोडून घेतल्या. आग झोडपायला त्याच लागतात.

आम्ही वर पोहोचलो तेव्हा ती आमच्या पट्ट्यापर्यंत आली होती आणि तिथे उभी होती. दुसरा शब्द मला सुचत नाही. पट्ट्याच्या पलीकडे माणसाएवढी, आणि अलीकडे हिरडे तसेच. कुठे ठिणगी उडून अलीकडे पडली की आम्ही तिच्यावर डहाळ्या मारायचो. मग मला घळ आठवली. मी पळाले, पण आग माझ्या आधी तिथे होती. त्या तीस पावलांतून ती आत शिरली आणि खालच्या कोपऱ्यातले अकरा हिरडे घेऊन गेली. मी मोजले, दुसऱ्या दिवशी, राख गार झाल्यावर. त्यांतल्या चारांखाली मी वेचत असे.

बाकीची राई वाचली. अंधार पडायच्या आत आग विझली. माझ्या भुवया जळाल्या होत्या आणि मावशीच्या लुगड्याला भोकं पडली होती.

जीपा परत आल्या तेव्हा पुरुष शाली पांघरून उतरले. आम्ही काळ्या तोंडांनी हौदावर हात धूत होतो. आगीची हकीकत ऐकून अध्यक्ष म्हणाले की बघा, पट्टा होता म्हणून वाचलो, समितीचं काम दिसलं का.

“कुटला पट्टा?” मावशीने विचारलं. “तुमचा पट्टा पाट्यांपाशी हाय. तितं आग बघायलासुद्धा आली न्हाई.” मग तिने सहाजणींची सगळी गोष्ट सांगितली. माझं नाव घेतलं. या वेळी कुणी हसलं नाही, आणि मला हसण्यापेक्षा ते जास्त अवघड गेलं. पळून घरात जावंसं वाटत होतं. गेले नाही, कारण हात साबणाने भरलेले होते.

या वर्षीच्या बैठकीत अध्यक्षांनी उभं राहून जाहीर केलं की आजपासून आपल्या वाडीत बाई पूर्ण माणूस. जुनी रीत बंद. समानता. टाळ्या झाल्या, आम्ही पायरीवरून वाजवल्या. मला खरंच बरं वाटलं. रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं. तो म्हणाला, झकास, मग आता तुझ्या एकाच दिवसात भागेल. या वर्षी मी सुट्टी मागणारच होतो, आता कशाला मागू?

पट्ट्याच्या दिवशी सकाळी सगळी वाडी जमली, घरटी एक पूर्ण माणूस. सगळ्या बायका. ज्यांचे नवरे घरात होते, ज्यांचे दीर पारावर पत्ते खेळत होते, त्यासुद्धा. बाईचा एक दिवस जर पुरुषाच्या एका दिवसाएवढा, तर पुरुषाने कशाला यायचं? हिशेब चोख होता. पुरुषांत एकटे अध्यक्ष आले, मोबाईल घेऊन, फोटोसाठी.

मावशी त्यांच्याकडे खालून वर बघत म्हणाली, “भाऊ, तुमाला आज आमच्यात किती धरायचं?”

ते हसले, आणि पायवाटेकडे हात करून म्हणाले की चला, पाटीपासून सुरुवात करू, उजेड चांगला आहे.

कुणी हललं नाही. तीस-पस्तीस बायका माझ्याकडे बघत होत्या. या वेळी मी मावशीच्या कानात सांगितलं नाही, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“तितं न्हाई. आदी घळ.”

अध्यक्षांनी घळ कुठे आहे असं विचारलं. मी सांगितलं, वर आहे, गुडघ्याला जमणार नाही. आणि आम्ही गेलो. घळीचा तुकडा सकाळच्या दवातच उरकला, धारेचा पट्टा दुपारपर्यंत. जळलेल्या हिरड्यांपैकी तिघांना बुंध्यापासून नवे फुटवे आले होते. त्यांच्याभोवतीचं गवत मी हाताने उपटलं, विळा लावला नाही.