राजूरची परात आणि दोऱ्याला टांगलेलं चुंबक

जालन्याला गाडीतून उतरले, तर अन्वरभाई फलाटावर काखेत भलीमोठी परात घेऊन उभे! पाहुणीला न्यायला आलेत की भांडी विकायला, तेच कळेना.

"बेटा, आधी हे बघ," ते म्हणाले.

वडिलांचे हे जुने सोबती. नवीन जालन्यात स्टीलची भांडी हातानं ठोकून घडवतात. राजूरच्या गणपतीच्या प्रसादासाठी त्यांनी परातींचं काम घेतलं होतं. नमुन्याची ही परात नेली, तर तिथल्या मंडळींनी खिशातलं चुंबक काढलं. अस्सल स्टीलला चुंबक धरत नाही, हे आपल्याकडे भांडं घेणाऱ्या प्रत्येकाला पाठ. मधे धरलं नाही, काठाला धरलं. "काठाला भेसळ," म्हणून परात परत. मी धातुशास्त्र शिकवते, म्हणून मला बोलावणं.

त्यांच्या घरी भाभींनी तहारी (मसाल्याचा पिवळा भात) वाढली. अन्वरभाईंनी ताटाला हातही लावला नाही. "आजपर्यंत मला कुणी बेइमान म्हटलं न्हाई," एवढंच बोलले. मला असा संताप आला! तरी दोनदा वाढून घेतलं. भांडायला उपाशीपोटी जाऊ नये.

राजूरच्या जीपमध्ये परात माझ्या मांडीवर. प्रत्येक खड्ड्याला ठणठणायची. रस्त्याकडेला कापूस फुटलेला, पण मला दिसत होतं फक्त स्टील. शेजारच्या आजींनी विचारलं, "लगीन हाय का, बाई?"

"नाही आजी, कज्जा आहे!"

राजूरला प्रसादाचं काम विष्णुकाका बघतात. माणूस करडा. "मॅडम, चुंबक खोटं बोलत न्हाई."

"मंग त्यालाच विचारू की," मीही त्यांच्याच बोलीत म्हटलं.

चुंबक दोऱ्याला टांगलं. अन्वरभाईंनी परातीच्याच पत्र्याची कोरी, न ठोकलेली पट्टी जवळ नेली. दोरा हलला नाही. मग दगडावर ठेवून ती हातोडीनं चांगली बडवली. आता चुंबक हळूच तिच्याकडे झुकलं. मी सांगितलं, "काका, धातूच्या आत बारीक कणांची रचना असते. ठोक बसले की ती बदलते, कडक होते आणि चुंबकाला ओढते. परातीचा काठ सगळ्यात जास्त ठोकलाय, एवढंच; भेसळ कुणी केली नाही." पट्टी अन्वरभाईंनी सोबत आणलेल्या गॅसच्या बत्तीवर पिवळसर नारिंगी होईतो तापवली, पाण्यात बुडवली. चर्रर्र! गार पट्टीशी चुंबकानं पुन्हा ओळखच दाखवली नाही.

काकांनी हातोडी हिसकावून घेतली. स्वतः ठोकलं, स्वतः तापवलं, दोन्ही वेळा दोरा बघितला. मग म्हणाले, "बराबर हाय. मंग सगळ्या पराती तापवूनच द्या. लोक चुंबक लावतेत."

झालं, सुटलो, असं मला वाटलं. तर अन्वरभाई म्हणाले, "न्हाई काका. तापवला तर काठ मऊ पडंल. भरली परात उचलताना वाकंल. तसला माल मी देवाच्या दारात देणार न्हाई."

काम गेलंच आता!

काकांनी परातीत काठोकाठ बुंदी ओतायला लावली. एक काठ त्यांनी धरला, एक अन्वरभाईंनी. परात उचलली. काठ तसूभर वाकला नाही.

"अशाच करा," काका म्हणाले. "लोकांना मी सांगतो."

अन्वरभाईंनी तिथेच बुंदीची मूठ तोंडात टाकली. सकाळपासूनचा पहिला घास.

निघताना त्यांनी मला एक ठोकलेली वाटी दिली. घरी शेजारणीनं सवयीनं तिला चुंबक लावलं. काठाला किंचित धरलं. "अगंबाई, फसवलं की तुला!"

"फसवलं नाही गं," मी म्हटलं. "तिथं अन्वरभाईंचा हात लागलाय."