फुलंब्रीहून उजवीकडे

माझी काकू माहेराहून कधीही सरळ रस्त्याने घरी आली नाही. अजिंठ्याला माहेरी जाताना ती हमरस्ता धरायची आणि ऊन चढायच्या आत आम्हाला पोचवायची. परतताना मात्र फुलंब्री आली की गाडी उजवीकडे खुलताबादच्या रस्त्याला लागलीच. तिथून डोंगराच्या कडेकडेने, दौलताबादच्या वेशीतून, आम्ही कधीतरी गारखेड्याला घरी उगवायचो. "जाताना आईला भेटायची घाई असती," ती म्हणायची, "येताना कसली घाई? घर काय पळून जातंय?"

जुनी मारुती ती पदर खोचून, अगदी पुढे सरकून चालवायची. शेळ्यांनाही हॉर्न द्यायची. गाडी मागे घेताना कुणी पुरुष हातवारे करत धावून आला की म्हणायची, "भाऊ, तुम्ही तेवढे बाजूला व्हा, मग बघा कशी निघती." तिच्याकडे शिकायला राहिलेली मी गाडीही तिच्याकडूनच शिकले. आज ती नाही, काकाही नाहीत, पण स्टिअरिंग हातात घेतलं की तिचा दरारा जाणवतो.

 काका एकेकाळी बोलायला लागले की समोरच्याचा चहा थंड व्हायचा. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर त्यांची जीभ अडखळू लागली. भेटायला येणारे त्यांचे शब्द घाईघाईने पुरे करून द्यायचे. काकांनी बोलणंच सोडलं. डॉक्टर म्हणाले होते, यांना बोलतं ठेवा, नाहीतर उरलंसुरलंही जाईल.

गाडीत कुणी आपल्या तोंडाकडे बघत नाही, म्हणून काका तिथे एखादा शब्द काढतात, हे काकूने हेरलं. हमरस्त्यावर प्लॉटच्या पाट्यांशिवाय होतं काय? आडरस्त्याला झाडं होती, टेकड्या होत्या, सीताफळं होती. ती मुद्दाम चुकायची.

"अहो, ती बाभूळ ना?"

"व... वड."

"व्हय की! चष्मा बदलायला पायजे."

तिची नजर घारीची होती. एका शब्दापुढे काकांची गाडी जाईना, तेव्हा मी मनातून आशा सोडली. काकूने नाही सोडली.

मग तो दुष्काळ आला. डोंगर करपले, विहिरींचे तळ दिसू लागले आणि आमची नवी वसाहत टँकरवर आली. त्या रविवारी संध्याकाळी टँकर येणार होता. ड्रम दारात मांडूनच आम्ही निघालो होतो. परतताना काकू म्हणाली, "आज सरळ."

फुलंब्रीचा फाटा आला. काका चुळबुळले.

"उजवी... कडं घे."

काकूने करकचून ब्रेक लावला. मागचा ट्रकवाला बोंबलत गेला.

"अहो, टँकर यायचाय!"

काका शब्द जुळवत होते. आम्ही ते पुरे करून दिले नाहीत. 

"येऊ दे... टँकर. तू उजवीकडं घे."

काकूने पदराने डोळे पुसले आणि गाडी वळवली. डोळे झाकून गाडी चालवली असती, इतका तो रस्ता तिच्या ओळखीचा. तरी प्रत्येक फाट्यावर ती विचारत होती, "आता कुठं?" आणि काका सांगत होते.

पोचलो तेव्हा गल्ली ओली होती आणि आमचे ड्रम कोरडे.

"लई वेळ थांबवला हो टँकर," शेजारीण म्हणाली. "कुठं राहिलात?"

काकूने गाडीचं दार धाडकन लावलं आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्या ह्यांनी रस्ता सांगितला, तिकडून आलो."