सबीनाची घंटा

ठाण्यात आमच्या मराठी शाळेच्या मागे खाडीकडे उतरलं की किरिस्तांवांची वाडी लागते. तिथल्या चर्चात, ते त्याला देऊळच म्हणतात, पोर्तुगिजांच्या अमदानीतल्या तीन घंटा आहेत आणि त्या वाजवण्याचं काम लिनोच्या घराण्याकडे आहे. लिनो बुटका, खांद्याने रुंद, मिठागरावर राबणारा माणूस. बोलण्यात भारी कंजूष. त्याला कसा आहेस म्हणून विचारलं तर तो "हाय" म्हणायचा आणि चालू लागायचा. परवा कचेरीतून प्लेगाविषयी पुन्हा एक परिपत्रक आलं, शाळामास्तरांनी लोकांना सरकारचे उपकार समजावून सांगावेत असं. ते वाचून मला शिसारी आली आणि लिनो आठवला. समजावून सांगायचंच आहे ना, मग हेच सांगतो.

आधी त्या घंटांचं सांगितलं पाहिजे. वाडीत कोणी मेलं की लिनो मनोऱ्यात चढायचा. बाप्या असला तर मोठी घंटा, बाई असली तर मधली, पोर असलं तर धाकटी. एक टोला द्यायचा आणि थांबायचं. त्या थांबण्यात ऐकणाऱ्याने, मग तो मिठागरात असो की भाताच्या खाचरात, जागच्या जागी गुडघे टेकून मेलेल्यासाठी "आमच्या बापा" म्हणायचं. मग पुढचा टोला. अख्ख्या गावाने असं मागितलं म्हणजे मेलेल्याची वाट सोपी होते अशी त्यांची श्रद्धा. घंटा झाली नाही तर माणूस एकटा जातो, आणि तसं एकटं जाण्याचं त्या लोकांना मरणापेक्षा भय.

सत्त्याण्णव साली मुंबईहून प्लेग आमच्याकडे आला. सरकारला जाग कशी आली तेही ऐकण्यासारखं आहे. मुंबईत माणसं पटापट मरत होती तोवर सगळं ठीकच चाललं होतं. मग युरोपातली राज्यं म्हणू लागली की मुंबईचा माल आम्ही आमच्या बंदरात उतरवून घेणार नाही. कापसाच्या गाठी अडणार म्हटल्यावर मात्र साहेबांना आमच्या जिवाची काळजी लागली. कलकत्त्याला पाहता पाहता कायदा झाला. कुणाच्याही घरात शिरावं, कुणालाही उचलून न्यावं, काहीही जाळावं, आणि त्याबद्दल सरकारी माणसावर फिर्याद करता येऊ नये. आमच्याकडचे जे पुढारी एरवी व्याख्यानं देताना दमत नसत, त्यांतले बरेचसे बायकापोरांना घेऊन हवा पालटायला गेले. मागे उरलो आम्ही.

आमच्या मामलेदार कचेरीने वाडीसाठी पहिला हुकूम काढला तो घंटेचा. मरणाच्या घंटेने लोक घाबरतात, पळतात आणि रोग पसरवतात, म्हणून ती बंद. कुठली घंटा मरणाची आणि कुठली प्रार्थनेची हे विचारत कोण बसणार? सरसकट तिन्ही बंद केल्या. दुखणं रेड्याला आणि डाग पखालीला म्हणतात, तो हा प्रकार. लिनोने दोर गुंडाळून वर बांधून ठेवले. त्यानंतर वाडीत माणसं मेली ती मुकाट मेली, शेजारच्या घरालासुद्धा दुसऱ्या दिवशी कळायचं.

सबीना ही लिनोची बायको. नवऱ्याने आयुष्यात जेवढे शब्द वाचवले तेवढे सगळे हिने खर्च केले. ती सुकी मासळी विकायची. आम्ही मासे खाणारे, त्यामुळे आमच्या ओट्यावर तिचा हक्काचा मुक्काम. आमच्या कुटुंबाशी तिचं अर्धी घटका भांडण चालायचं, मग मूठभर सोडे जास्तीचे टाकून ती निघायची. जाताना मलाही एक टोमणा मारून जायची, की मास्तर, पोरांना मारता कशाला, जेवायला घाला, आपोआप शिकतील. पावसाळ्यापूर्वी ती आणि तिची नणंद एमिलिया आगगाडीने कल्याणच्या बाजारात जात. त्या साली चैत्र संपता संपता गेल्या.

कल्याणला तेव्हा मुंबईकडून येणाऱ्या गाड्यांतले उतारू तपासत. पुढचं सगळं मला एमिलियाकडून कळलं, तेही तिने आमच्या कुटुंबाला सांगितलं आणि कुटुंबाने रडत मला. बायकांना एका रांगेत उभं केलं होतं. तपासायला यायची ती डॉक्टरीणबाई आलीच नव्हती, म्हणून कुणी एक गोरा पोऱ्याच तपासत होता. आडोशाला एक चादर, तीही दोन शिपायांनी धरलेली, आणि शिपाई चादरीच्या आतल्या बाजूला. काखेत आणि जांघेत गाठ आहे का ते चाचपायचं. सबीनाला गाठ नव्हती. पण डोक्यावर पाटी घेऊन चैत्राच्या उन्हातून ती स्टेशनापर्यंत चालत गेली होती, मग डब्यातल्या गर्दीत उकडून निघाली होती, तिचं अंग तापणार नाही तर काय होणार? त्या पोऱ्याने हात लावला आणि ताप म्हणून तिला बाजूला काढलं. ती ओरडली, सावलीत घटकाभर बसवा आणि मग बघा म्हणाली. ते सांगणं त्याला समजावून सांगायला तिथे कुणी थांबलं नाही. तिची पाटी रॉकेल ओतून जाळली. एमिलियाला सोडलं आणि सबीनाला झापांच्या छावणीत नेलं, खऱ्याखुऱ्या आजारी बायकांच्या मध्ये.

लिनो रोज काम टाकून कल्याणला जायचा आणि कुंपणाबाहेर उभा राहायचा. पहिले काही दिवस ती कुंपणापाशी येऊन बोलली. धडधाकट होती आणि शिव्या देत होती. मग एक दिवस आली नाही. पुढे एकदा शिपायाने त्याला सांगितलं की ती बाई गेली, काल चुना टाकून पुरली, आता इथे येऊ नकोस. कुठे पुरली ते शिपायाला माहीत नव्हतं. नेसलेलं लुगडं, गळ्यातला क्रूस, काही म्हणजे काही लिनोच्या हाती आलं नाही. ती बाई रोगाने मेली असं कागदावर असेल. ज्या रोगापासून वाचवायला सरकारने तिला धरलं, तो रोग तिला सरकारनेच दिला, हे कागदावर कुठेही नसणार.

तो आमच्या ओट्याशी आला आणि उभा राहिला. म्हणाला, "मास्तर, तिची घंटा नाय झाली."

बाकी काही नाही. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एवढंच होतं. वाडीत त्या साली प्लेगाने गेलेल्यांत सबीना शेवटची. तिच्यानंतर उन्हाळा कडक झाला आणि रोग ओसरला. लिनोने गोव्याकडच्या म्हाताऱ्या पाद्रीला दोनदा विचारलं. पाद्री भला पण भित्रा. हुकूम उठल्याशिवाय दोराला हात लावू नकोस म्हणाला. मी स्वतः कचेरीत जाऊन विचारलं, तर अव्वल कारकून म्हणाले, वरून लिहून आल्याशिवाय काही होणार नाही. हे अव्वल कारकून पुण्याहून नवेच बदलून आलेले गृहस्थ. काम चोख, बाकी आनंद.

आणि वरून लिहून आलं. जून महिन्यात विलायतेच्या राणीसाहेबांच्या राज्याला साठ वर्षं पुरी होत होती, त्याची जुबिली. देशात एकीकडे दुष्काळ, एकीकडे प्लेग, लोकांच्या घरातली मडकीसुद्धा फोडून झालेली, आणि शिमल्याहून हुकूम की रयतेने आनंद करावा. कमानी उभारा, दिवे लावा, शाळेच्या पोरांना पेढे वाटा, आणि सगळ्या देवळांतून, मशिदींतून, चर्चांतून घंटा-नौबती वाजू द्या. ज्या कचेरीने वाडीला मेलेल्यांसाठी घंटा वाजवू दिली नाही, तीच कचेरी आता घंटा वाजवली नाहीस तर याद राख म्हणून लिनोला सांगत होती. मेलेल्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे पाहिले होते. त्या टाळूवर दिवे लावणारे तेव्हा पहिल्यांदाच पाहिले.

जुबिलीच्या सकाळी अव्वल कारकून पट्टेवाल्या पोपटला बरोबर घेऊन वाडीत आले. मलाही पोरांची रांग घेऊन देवळासमोर उभं केलं होतं. पाऊस थांबलेला होता आणि खाचरांत बायका-बाप्ये लावणीच्या तयारीत वाकलेले होते. पाद्रीने घाईघाईने राणीसाहेबांसाठी प्रार्थना म्हटली आणि मनोऱ्याकडे हात केला.

आनंदाची घंटा म्हणजे तिन्ही एकदम, दणदणाट. मी तीच ऐकायच्या तयारीत होतो. वरून धाकटीचा एकच टोला आला. मग शांतता. मग पुन्हा तोच एक.

खाचरातली माणसं उभी राहिली. माझ्या रांगेतली वाडीची पोरं एकमेकांकडे बघायला लागली. माघात सगळ्यांत आधी गेलं होतं ते गिल्बर्ट गाडीवानाचं पोर, आणि धाकटी घंटा त्याची होती. गिल्बर्ट चिखलात गुडघ्यावर बसला. मग त्याच्या मागची सगळी बसली. त्यानंतर मोठी वाजली, मॉरिस सुताराची. मग मधली, त्याच्या आईची. लिनो गेल्या माणसांच्या क्रमाने चालला होता आणि वाडीत कोण कुणामागून गेलं ते प्रत्येकाला पाठ होतं. ज्याचं माणूस असेल तो आधी रडायचा, बाकीचे त्याच्यासाठी मागायचे. पाद्रीसुद्धा दारातच खाली बसला.

अव्वल कारकुनांचा चेहरा मात्र प्रसन्न होता. त्यांच्या कानाला आपल्या देवळातल्या घंटेची सवय, आत जाणारा एक टोला देतो आणि हात जोडतो. त्यांना हे सगळं मोठं भक्तिभावाचं वाटत होतं. त्यांनी मला हळूच विचारलं, "मास्तर, हे लोक चिखलात का बसले?"

मी म्हणालो, "राणीसाहेबांना दीर्घायुष्य मागतायत."

ते फार खूष झाले. पण एका जागी खूष होऊन त्यांना भागणार नव्हतं, अजून दोन देवळं आणि एक मशीद बघायची होती. वर आता एमाची घंटा चालली होती, एमा म्हणजे एमिलियाची थोरली मुलगी, आणि तिच्यामागे एकटी सबीना राहिली होती. मला ते माहीत होतं, सगळ्या वाडीला माहीत होतं. कारकुनांनी घड्याळ काढलं आणि पोपटला म्हणाले, जा, त्याला सांग पुरे. मी म्हटलं, साहेब, थोडं चालू द्या, एवढ्यात थांबवणं बरं दिसत नाही. ते म्हणाले, राजनिष्ठेलाही वेळेचं बंधन पाहिजे. पोपट वर गेला आणि त्याने दोर धरला. एमाचा शेवटचा टोला झाला आणि घंटा थांबली ती थांबलीच. चिखलात बसलेली माणसं तशीच वाट बघत बसून राहिली.

दुपारी कचेरीपुढच्या मांडवात लिनोचा सत्कार झाला. होय, सत्कार. गावातल्या सगळ्या देवळांत सर्वांत भावपूर्ण घंटा किरिस्तांवांच्या वाडीत झाली असं अव्वल कारकुनांनी सांगितलं होतं. मामलेदारांनी त्याच्या खांद्यावर जरीकाठी शेला टाकला. तो शेला आता कशाला वापरतात ते सांगतो, घंटेच्या कड्यांना तेल लावलं की हात पुसायला. टाळ्या झाल्या, कलेक्टरसाहेबाची मडम हसली, आणि मामलेदारांना औदार्याची लहर आली. ते म्हणाले, आज आनंदाचा दिवस आहे, तुला आणखी काय हवं ते माग.

मी मागे पोरांना पेढे वाटत उभा होतो. लिनो पैसे मागेल, जमिनीचा तुकडा मागेल, असं सगळ्यांना वाटलं असणार. त्याने शेला काढून हातात घेतला आणि मान खाली घालून म्हणाला, "रावसायब, मना आजचे दिवस आजून येकदा घंटा मारू द्या. सकालची पुरी नाय झाली."

मामलेदार गहिवरले. खोटं नाही सांगत, त्यांचे डोळे पाणावले. त्यांनी साहेबाला इंग्रजीत काहीतरी सांगितलं, साहेबाने मान डोलावली, आणि हुकूम झाला की वाजव, हवी तेवढी वाजव, कुणी थांबवणार नाही. पुन्हा अडचण नको म्हणून सोबत पोपटला दिलं.

दिवेलागणीला मधली घंटा वाजली. वाडीतली माणसं अंगणात, बांधावर, जिथे होती तिथे बसली. लिनो दोन टोल्यांच्या मध्ये एवढा थांबत होता की संपलं असं वाटावं, आणि मग पुढचा टोला यायचा. आमचं कुटुंब तुळशीपाशी दिवा लावत होतं, ती हात जोडून उभी राहिली. आम्हाला त्यांची प्रार्थना येत नाही. ती आपली "सबीना, सबीना" म्हणत होती. पोपटने नंतर मला सांगितलं की वर लिनो प्रत्येक टोल्याला बायकोशी बोलत होता, आणि एवढं बोलताना त्याला कुणी कधी ऐकलं नसेल.

त्याच रात्री पुण्यात प्लेगाच्या साहेबावर गोळी झाडली गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून शिपाई प्रत्येक चेहऱ्याकडे संशयाने बघू लागले. लिनोने एक दिवस उशिरा मागितलं असतं तर ते कधीच झालं नसतं. पुढे कचेरीतल्या कुणीतरी अव्वल कारकुनांना त्या टोल्यांचा अर्थ सांगितला. पण तोवर अहवाल मुंबईला गेला होता आणि तिथे छापूनही आला होता, की ठाण्यातल्या एका गरीब वस्तीने राणीसाहेबांसाठी दिवसातून दोनदा घंटा वाजवली. आता खरं सांगावं तर स्वतःचीच नोकरी जायची. ते गप्प बसले, मामलेदार गप्प बसले, आणि जुबिली संपल्यावर घंटाबंदी पुन्हा होती तशी चालू झाली.

सरकारने सबीनाला धरलं, मारलं आणि कुठे पुरलं तेही सांगितलं नाही. मग सरकारनेच हुकूम देऊन, पट्टेवाला सोबत देऊन तिची घंटा वाजवली. कुणाची वाजवली, ते वरच्या सरकारला अजून कळलेलं नाही.