पडवीतला गॅसचा बंब

सासूबाईंच्या बोटांचे सांधे धरले होते. थंडीच्या दिवसांत सकाळी त्यांना लुगड्याची गाठसुद्धा मारता येत नसे. लाकडं पेटवून बंब तापवणं त्यांच्यानं होईना, आणि सगळं मी एकटीनं करावं हे त्यांना पटेना. म्हणून ह्यांनी पुण्याहून भिंतीवर लावायचा गॅसचा बंब आणला. आमच्या पेठेत तेव्हा गॅसची शेगडीच मोजक्या घरांत होती. पाणी तापवायला गॅस, ही बातमी गल्लीभर झाली आणि कुणाकडून तरी मोहोळला आबांच्या कानावर गेली.

आबा, म्हणजे माझे वडील, मोहोळच्या बाजारात धान्याचे तोलार होते. बंब बसवायच्या दिवशी ते सकाळीच एस.टी.नं आले. येणार म्हणून कळवलं नव्हतं. पायरीवर चपला काढल्या आणि म्हणाले, "मिस्त्री आला का?"

ते का आलेत, ते मला विचारावं लागलं नाही. माझी थोरली बहीण, आक्का, माढ्याला दिली होती. माझ्या लग्नाआधी ती भाजून गेली. स्टोचा भडका उडाला, एवढाच निरोप आला. आम्ही पोचलो तोवर सगळं उरकलं होतं. आबांनी तिथं कुणाला काही विचारलं नाही, आणि आमच्या घरात तिचं नाव निघायचंच थांबलं.

मिस्त्री न्हाणीच्या आतल्या भिंतीवर खुणा करत होता. आबा त्याच्या मागं जाऊन उभे राहिले.

"दार लावल्यावर आत हवा कुटनं येणार?"

"वर झरोका पाडायचाय," मिस्त्री म्हणाला. "ज्योतीला हवा लागते. झरोका बुजवायचा नाही, एवढं पाळायचं."

"आन थंडीत कुणी त्यात बोळा कोंबला तर?"

"मग धोका आहे. आतल्या माणसाला वाससुद्धा येत नाही. गुंगी येते आणि पडतो."

 आबा न्हाणीच्या दाराची आतली कडी हलवून बघत म्हणाले, "ही काढून टाका. पोरगी आत आसली तर भायेरनं दार उघडाया पायजे."

सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा उतरला. "पाव्हणं, सुनेनं बिनकडीच्या दारानं आंघोळ करायची व्हय? आमी तिला काय करू, असं वाटतंय का तुमाला?"

हे खाली बघत राहिले. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

"तसं न्हाय, विहीणबाई," आबा म्हणाले. "थोरलीच्या घरी मी लई येळा गेलो. लेकीच्या घरचं पानी पिऊ न्हाय म्हनून ओसरीवर बसायचो आन तितनंच माघारी फिरायचो. ती कुटं रांधती, स्टो कसला हाय, खिडकी हाय का न्हाय, मी एकदाबी आत जाऊन बघितलं न्हाय."

आक्का गेल्यापासून तिच्याबद्दल ते पहिल्यांदाच बोलत होते. तेही माझ्याशी नाही, माझ्या सासूबाईंशी.

सासूबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि मिस्त्रीला विचारलं, "आत नको. भायेर पडवीत बसतंय का हे?"

"बसेल की. उघड्यावर असलेलं केव्हाही चांगलंच. पाण्याची नळी तेवढी लांब ओढावी लागेल."

"ओढ मग."

पडवीच्या भिंतीला भोकं पाडून त्यात लाकडी गुट्टे ठोकले, त्यावर बंब आवळला. सिलिंडर थोडा बाजूला, सपाट फरशीवर उभा केला. नळ्या जोडून झाल्यावर मिस्त्रीनं साबणाचा फेस मागितला. गॅस कुठं निसटत असेल तर त्या सांध्यावर फुगे धरतात. फेसाची वाटी आबांनी त्याच्या हातातून घेतली. एकेका सांध्याला स्वतः फेस लावला आणि मला जवळ बोलावलं, कारण त्यांना बारीक दिसत नव्हतं.

"फुगा येतोय का?"

"नाही, आबा."

"परत बघ."

मी परत बघितलं. प्रत्येक सांध्याला त्यांनी तसंच विचारलं. मग मिस्त्रीनं काडी ओढली, आत निळी ज्योत उभी राहिली, आणि न्हाणीतल्या नळाला ऊन पाणी आलं. सासूबाईंनी दोन्ही हात बादलीत बुडवून ठेवले.

त्या दिवशी आबा आमच्याकडे जेवले. सासूबाईंनीच पाट मांडला आणि त्यांना नाही म्हणू दिलं नाही. भाकरीचा पहिला तुकडा त्यांनी बराच वेळ हातात धरला होता.

पुढं ते अधूनमधून येत. आले की आधी पडवीत जाऊन रबरी नळीवरून हात फिरवत, कुठं चीर गेलीय का बघत. आक्काचा विषय मात्र परत काढला नाही. माढ्याला काय झालं होतं ते त्यांना कधी कळलं नाही, आम्हालाही नाही. ते गेले तेव्हा बंब तिथंच होता.

बंब बसवला त्या दिवशी आबांना एस.टी.त बसवून हे परत आले, आणि दिवेलागणीला सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. "तुजी आक्का दिसायला कशी हुती गं?" त्यांनी विचारलं.

हे मला तोवर कुणी विचारलं नव्हतं. मी सांगायला लागले. रंग सावळा, केस दाट, हसताना तोंडावर हात धरायची. त्या ऐकत राहिल्या. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की तिचा चेहरा अजून डोळ्यांपुढं येतोय, पण आवाज काही केल्या आठवत नाही.