एका पंगतीतल्या दोन किल्ल्या

काका आपल्यासमोर दोन बोटं धरायचे आणि विचारायचे, "ही किती?" आपण "दोन" म्हटलं की बोटं मिटायची. "चूक! हात एकच आहे ना? मग एकच."

तुमच्याही इमारतीत असं कुणीतरी असेल, ज्यांची गाठ पडू नये म्हणून तुम्ही जिन्यात थबकता. मांजर्लीतल्या आमच्या इमारतीत हे काका होते. उभा जन्म विमा कंपनीत गेलेला. अंबरनाथच्या कारखान्यांत फिरून कुठलं यंत्र दगा देण्याची शक्यता किती, याचं गणित मांडायचं हे त्यांचं काम. निवृत्त झाल्यावर ते गणित आमच्या वाट्याला आलं. सोसायटीने पाण्याचा दुसरा पंप बसवला तेव्हा म्हणाले, "दोन्हींना वायर एकच. म्हणजे पंप एकच समजा. पेढे मात्र दोन घेतो."

काकू गेल्यावर ते एकटे राहिले. आपण घरात पडलो तर दार कोण उघडणार, ही त्यांची मोठी भीती, आणि ती ते लपवत नसत. म्हणून एक किल्ली माझ्याकडे आणि एक माझ्या समोरच्या भोईरकडे. "दोघं एकाच वेळी बाहेर असण्याची शक्यता फार कमी," असं समाधानाने सांगायचे.

मग भोईरच्या पुतण्याची हळद आली. आमच्याकडे हळद म्हणजे अख्खी इमारत जेवायला. तब्येतीमुळे काका तेवढे घरी थांबले. नेमके ते कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला आले आणि वाऱ्याने दार लागलं. आम्ही परतलो तेव्हा लुंगी-बनियनवर पायरीवर बसलेले. मी ओशाळले, पण ते स्वतःवरच चिडले होते. "एका पंगतीत जेवणारी माणसं मी वेगवेगळी धरली! जन्मभर लोकांना दुसरं काय शिकवलं?"

त्याच वर्षी पावसाळ्यात इमारतीमागची नदी आवारात शिरली. भोईरने रॅम्पवरची एकमेव उंच जागा स्वतःच्या गाडीने अडवली आणि माझी स्कूटर बुडाली. आमचं बोलणं बंद झालं. सगळे हळहळले, काकांनी माझं अभिनंदन केलं. "आता तुम्ही एका हळदीला जाणार नाही. किल्ल्या खऱ्या दोन झाल्या. बाई, भांडण टिकवा." दिवाळीत मी भोईरकडे फराळ घेऊन निघाले तर जिन्यात आडवे आले. "चकल्या कशाला? इतकं छान चाललंय."

एके सकाळी त्यांच्या दाराला दुधाची पिशवी तशीच लटकलेली दिसली. मी किल्ली घेऊन धावले, तर भोईर आधीच कुलपाशी. घाईत तो किल्ली उलटी घालत होता, ती आत जाईना. मी माझी लावली. काका न्हाणीच्या दाराशी पडले होते.

"काका, घाबरू नका, मी हाय ना!" भोईर म्हणाला.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कण्हत विचारलं, "दोघं एकत्र? समेट झाला की काय?"

"नाही!" आम्ही एका सुरात म्हणालो.

इस्पितळाच्या बाकावर भोईरने मला चहा आणून दिला आणि भांडण तिथेच मिटलं. काकांना आम्ही ते शेवटपर्यंत कळू दिलं नाही. बरे होऊन ते पुण्याला मुलीकडे गेले आणि तिथेच वारले. मला त्यांची फार आठवण येते.

त्यांचं घर आता रिकामं आहे. किल्ल्या आमच्याकडेच आहेत. परवा इमारतीत एकाची हळद होती. मी साडी नेसत होते, तेवढ्यात भोईरने बेल वाजवली.

"बाई, या टायमाला तुमी जा," तो म्हणाला. "मी थांबतो घरी."